हेमंतच्या पाठीवर नजर माझी होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं दुसरं काही मला तरी आठवत नाही. आज सांगतोय ते सगळं छान चाललंय म्हणून. सुखात असताना जुनं काहीतरी टोचायला लागतं — तुमचं होतं का असं?

शहापुरात आमची एक साधी जिम आहे. पत्र्याची शेड, दोन पंखे, आणि आरसा एकही नाही. मालकांचं म्हणणं, आरसा लावला की लोक व्यायाम सोडून स्वतःचे दंड बघत बसतात. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडली. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड उचलून सरळ उभं राहणं, कुणी एकट्यानं मारायची नाही. जोडीदार बाजूला उभा राहतो आणि फक्त पाठ बघतो. पाठ गोल व्हायला लागली की तो ओरडतो, ‘पाठ!’, आणि उचलणाऱ्यानं रॉड तिथल्या तिथे सोडायचा. वाद घालायचा नाही. शेतात भारा डोक्यावर घेताना दुसरा हात लावतो ना, तितकी साधी गोष्ट.

माझा जोडीदार हेमंत. शेणवे गावचा, घरची भातशेती, स्वभावानं एकदम मोकळा. रॉड नडगीजवळ ठेव, छाती वर, पोटात श्वास भरून धर, कंबरेनं ओढू नकोस तर पायांनी जमीन ढकल — हे सगळं त्याला मीच शिकवलं. तो भराभर पुढे गेला. मला आनंद झाला. म्हणजे — सुरुवातीला झाला. जिममध्ये सगळ्यांत जास्त वजन मीच उचलायचो, एकशे चाळीस किलो. हसाल तुम्ही, पण तेव्हा माझ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

एका शनिवारी हेमंतनं एकशे पंचेचाळीस लावलं. सगळे जमले. मी पाठ बघायला उभा.

माझं लक्ष रॉडच्या वजनाच्या प्लेटांवर होतं असं म्हणता येईल. गलका होता, असंही म्हणता येईल. पण नाही. रॉड जमिनीवरून सुटला आणि त्याची कंबर गोल झाली, ती मी स्वच्छ पाहिली. ओरडलो असतो तर त्यानं रॉड सोडला असता, हसला असता आणि पुढच्या शनिवारी परत लावला असता. मला वाटलं — अडकू दे. एकदा चांगला अडकू दे, म्हणजे परत नाद करणार नाही. दोन सेकंद असतील. मी तोंड उघडलं नाही, आणि हेमंत गुडघ्यांवर आला.

मणक्याची गादी सरकली होती. तो दीड महिना पाठीवर पडून होता, नेमका लावणीत. त्याची बायको कविता आणि आई, दोघीच शेतात. मग मी गेलो. रोज गेलो. आख्ख्या शेणव्यानं माझं कौतुक केलं, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला बरंही वाटलं.

पण मला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे. दवाखान्यात त्यानं विचारलं होतं, “तू ओरडला व्हतास का रे? माझ्या कानात नुसता घूं आवाज.” मी म्हणालो, “ओरडलो ना. दोनदा.” एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोनदा कशाला म्हणालो असेन?

हेमंत बरा झाला. रिकाम्या रॉडपासून परत सुरुवात केली, घाई केली नाही, आणि आता सकाळी तोच शिकवतो. तानशाकडच्या शाळेतल्या एक बाई येतात, पन्नाशीच्या, त्यांनाही त्यानं सुरेख उचलायला शिकवलंय. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी तेच सांगतो, “माझा जोडीदार दोनदा ओरडला. मी ऐकला नाय. तुमी ऐका.” लोक ऐकतात. त्यानंतर आमच्याकडे कुणाची पाठ गेली नाही. मी कोपऱ्यात प्लेटा पुसत ऐकत असतो.

यंदा म्हशाची जत्रा झाल्यावर त्यानं परत एकशे पंचेचाळीस लावलं. पाठ बघायला मलाच उभं केलं. या वेळी माझी नजर हलली नाही. पाठ खालपासून वरपर्यंत सरळ राहिली, आणि तो उभा राहिला तेव्हा मला इतका आनंद झाला की मीच त्याला मिठी मारली. तो धापा टाकत हसला. “आज ओरडायला नाय लागला ना तुला?”

“नाय,” मी म्हणालो.

त्या शनिवारीही मी ओरडलो नव्हतो, हेमंत. एकदाही नाही. आणि मी पाहिलं होतं.