विरघळलेला मुद्देमाल

लाखेनं सील केलेली बरणी कुठं दिसली, की ती घटना आजही डोळ्यांपुढं उभी राहते. आधी शरम वाटते, मग हसू येतं.

म्हैसूरला एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. खबऱ्यानं बातमी आणली, की मेटगळ्ळीतल्या एका लेथ कारखान्यात हाडांत बसवायचे बनावट स्क्रू तयार होतात. आम्ही छापा घातला. कारखानदार म्हणाला, "कॉलेजातल्या मॅडमचं काम आहे." मॅडम परदेशी गेलेल्या. मला ती थाप वाटली. पंचनामा करून काही सुटे स्क्रू आणि पाण्यात बुडवून ठेवलेल्या स्क्रूंची एक बरणी जप्त केली. बरणीच्या झाकणाला सुईएवढं भोक होतं. ती कापडात शिवून, लाख लावून मुद्देमाल खोलीत ठेवली.

काही आठवड्यांनी तपासणीला पाठवण्यासाठी पंचांसमोर सील तोडलं. आत एकही स्क्रू नव्हता. तळाशी नुसता पांढरा गाळ.

खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असायची. जुन्या म्हैसूर संस्थानातल्या मराठा घोडेस्वारांच्या घराण्यातले आमचे हवालदार, निवृत्तीला आलेले. नोकरीत नवा असताना मला पंचनामा लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनाच मी समोर उभं केलं.

"सार, देवराणे, देवाची शपथ, मी हात लावला नाही. सील होतं तस्संच होतं की!"

"मग स्क्रू काय चालत गेले?"

"अय्यो, चालत गेले असते तर दारात माझ्या पायाला लागले असते!"

मी हसलो नाही. त्यांच्या निलंबनाचा अहवाल लिहायला घेतला. पेन्शन अडकणार हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

अहवाल वर जाण्याआधीच मॅडम परतल्या आणि थेट ठाण्यात आल्या. मूळच्या पुण्याच्या. त्यांनी स्वतःचे छापलेले दोन निबंध टेबलावर ठेवले. एक वैद्यकीय नियतकालिकातला, दुसरा धातुशास्त्राच्या.

"तुम्ही डॉक्टर की लोहार?" मी विचारलं.

"दोन्ही घरची पाहुणी," त्या म्हणाल्या, "पण उपाशी नाही हं. एक ग्लास मीठपाणी मागवा."

जप्तीतला एक सुटा स्क्रू पंचांसमोर ग्लासात टाकला. सोड्यासारखे बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

"हा मॅग्नेशियमचा. हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग शरीरातच विरघळून जायचं. काढायला दुसरं ऑपरेशन नको. आटे आधी कुठं झिजतात हे कारागिराला दाखवायला मी ती मीठपाण्याची बरणी तिथं ठेवली होती. झाकणाचं भोक वायू बाहेर जायला. तुमचा चोर म्हणजे मीठपाणी!"

हवालदारांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मत्ते! मग काय तर! माझ्या खोलीतनं उंदीर बाहेर जात नाही, स्क्रू कुठला जातो?"

मॅडमनी कुतूहलानं विचारलं, "बरणी कुणी हलवली नाही? उघडली नाही?"

"माझ्या ताब्यात असताना? कुणाची छाती आहे?"

"वा! कॉलेजातली आमची मुलं दर तासाला झाकण उघडून बघतात. अशी शांत बरणी मला कधी मिळालीच नाही." गाळ त्यांना संशोधनासाठी हवा होता. रीतसर पावती घेऊन दिला.

गुन्हा घडलाच नाही, असा बी रिपोर्ट कोर्टात गेला. निलंबनाचा अहवाल मी हवालदारांसमोर फाडला आणि माफी मागितली. "चहा सांगा, सार," एवढंच ते म्हणाले.

वस्तू नाहीशी झाली, की आम्ही पोलीस आधी जवळच्या माणसाकडे बघतो. वस्तूचाही काही स्वभाव असतो, तो आधी विचारावा, हे मी तिथं शिकलो.

मॅडमचा पुढचा निबंध हवालदारांच्या निरोपसमारंभाच्या सुमारास आला. शेवटी आभार होते: बरणीला हात न लावू देणाऱ्या हवालदारांचे. हवालदारांनी ते पान फ्रेम करून आणलं आणि माझ्यापुढं धरलं.

"नीट बघा, सार. तुमचं नाव कुठं दिसतंय?"

"नाही दिसत."

"विरघळलं असेल," ते म्हणाले, आणि अख्खं ठाणं हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी.