गॅलरीतली कप्पी

आमच्या चर्चमध्ये दर गुरुवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांची बैठक भरते. चहा, बीपी तपासणं, पेन्शनचे कागद भरून देणं, एखादं भजन. कुठल्याही धर्माच्या माणसानं यावं, असं पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सरूमावशी तिथं आली ती स्वतःचं बीपी तपासून घ्यायला. वय अडुसष्ट, तीस वर्षं एका दवाखान्यात आया म्हणून राबलेली. तिसऱ्या गुरुवारी बघते तर तीच इतरांच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती.

"मावशी, तुम्ही बसा की. बैठक तुमच्यासाठीच आहे," मी म्हणाले.

"बसून बसून गुडघं धरत्यात. तू आकडं लिही, मोनिका."

तेव्हापासून ती तपासायची अन् मी लिहायची.

२०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा तळ दिसायला लागला. आमचं चर्च छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात. तिथं इमारती भराभर उठल्या होत्या, नळ मात्र आले नव्हते. चौथ्या दिवशी टँकर यायचा. लोक फाटकापाशी रांग लावून बादल्या-ड्रम भरायचे अन् जिन्यानं वर न्यायचे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? गुरुवारच्या बैठकीत मावशीनंच हा विषय काढला. आम्ही अशा अकरा घरांची यादी केली. टँकरच्या दिवशी चर्चमधले चार-पाच जण जाऊन त्यांचं पाणी वर पोचवायचे.

बारावं घर अनसूयाकाकूंचं, पहिल्या मजल्यावरचं. ते यादीत नव्हतं, कारण काकूंनी दाराची साखळी न काढताच सांगितलं होतं, "मला काही नको. माझी बाई भरते पाणी." त्यांचे यजमान सदाशिवराव कचेरीत कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांनी हा फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला अन् दोन वर्षांत ते गेले. दारावर पितळी पाटी होती, तिच्यावर फक्त काकूंचं नाव. ती पाटी त्या रोज पुसायच्या. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या बाईचं ते पहिलं स्वतःचं घर.

एप्रिलमध्ये काकूंची कामवाली कन्नड गावी लेकीकडं निघून गेली, अन् तिथं आमची चूक झाली. केली ती मावशीनंच. टँकर लागला होता. काकू देवळात गेलेल्या, त्यांचा ड्रम दाराबाहेर जिन्यात रिकामा.

"भरून टाकू," मावशी म्हणाली. "त्या येईस्तोवर टँकर निघून जाईल."

आम्ही ड्रम काठोकाठ भरला, झाकण लावलं अन् खुशीत घरी गेलो. काकू कडक सोवळं पाळतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ड्रम कुणी भरला ते कळल्यावरही काकूंनी ते पाणी फेकलं नाही. दुष्काळात पाणी कोण फेकणार? त्यांनी त्यात कपडे धुतले, फरशी पुसली. प्यायला मात्र घरातल्या घागरीत उरलेलं होतं तेवढंच, घोट घोट पुरवून. तिसऱ्या दिवशी त्या ओट्यापाशी कोसळल्या. शेजारच्या सावनीनं दवाखान्यात नेलं, दोन बाटल्या सलाईन लागलं. पुण्याहून त्यांच्या मुलाचा, हिमांशूचा, फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो, आईला कायमचं घेऊन जातो, फ्लॅट विकायला काढतो. काकू सावनीपाशी रडल्या, "मला इथून हलवू नका गं."

गुरुवारी सावनीनं हे बैठकीत येऊन सांगितलं. माझं डोकंच फिरलं. "आपल्या हातचं पाणी बाटतं होय त्यांना? मग राहू दे मावशी. जाऊ देत पुण्याला."

मावशी पट्ट्याची गुंडाळी करत होती. "माझ्या आजीला इहिरीवर चढू देत नव्हते. ती खाली घागर धरून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून वतायचे. मला तू नको शिकवू सोवळं काय असतंय ते."

"तेच म्हणते ना मी."

"पण घर जातंय त्या बाईचं. अन् डरम म्या भरला. तोंड होतं की मला, इचारायला काय झालं होतं?"

तिनं डोळे मिटले, ओठ जरासे हलले. मावशीची प्रार्थना एवढीच असते. देवाला ती फार वेळ अडकवून ठेवत नाही. मग चपला घातल्या अन् निघाली. मी मागोमाग.

"काकू, म्या सरूबाई," ती दारातून म्हणाली. "डरम म्या भरला होता. न इचारता भरला. चुकलं माझं."

साखळीएवढं दार उघडलं. "तुमच्या मनात वाईट नव्हतं, कळतं मला. पण या वयात मी आता बदलणार नाही हो."

"बदला म्हणून कोण आलंय? मला एवढं सांगा, कोणतं पाणी चालतंय तुम्हाला?"

"टँकरच्या नळीतून थेट माझ्या भांड्यात पडलेलं. वाहत्या पाण्याला शिवाशिव नसते, सासूबाई म्हणायच्या. माझी बाई आमच्यातलीच होती, तिनं उचललेलं चालायचं. आता भांडं मीच उचलायला हवं. अन् जिना चढून ते आणणं आता होत नाही."

"टँकरवाला कोण, कुठला, हे इचारलं का कधी?"

काकूंना हसू फुटलं. "नाही विचारलं. विचारलं तर तहानेनं मरेन."

खाली उतरल्यावर मावशी काकूंच्या गॅलरीकडं मान वर करून बघत राहिली. मग परत वर गेली, दारातून काकूंशी काहीतरी बोलली अन् खाली येऊन मला म्हणाली, "व्हय म्हणाल्या. आता मला गंगापूरची जीप गाठून दे."

गंगापूरजवळच्या खेड्यात तिचा भाऊ राहतो, कचरूमामा. त्याची विहीर दोन वर्षं कोरडी. तिच्यावरची लोखंडी कप्पी, म्हणजे दोर फिरायचं चाक, नुसती लोंबत होती. "उद्या पाणी आलं तर मी काय करू?" मामानं विचारलं. मावशी म्हणाली, "येऊ तर दे. मंग घिऊन जा परत." शुक्रवारी संध्याकाळी कप्पी पिशवीत घालून ती परतली. शनिवारी वेल्डरला बोलावून गॅलरीच्या वरच्या लोखंडी दांडीला ती पक्की करून घेतली.

टँकर नेमका रविवारी, उपासनेच्या वेळेला आला. मावशीनं उपासना चुकवलेली मी पहिल्यांदाच बघितली. मीही चुकवली.

काकू पदर खोचून गॅलरीत उभ्या. दोराला बांधलेली तांब्याची कळशी हळूहळू खाली आली. मावशीनं नळी वरच्या वर धरली, कळशीला हात न लावता. पहिली कळशी कलंडली.

"ओ आज्जी, पाणी सांडायलंय!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या वाट्याचं सांडलं, तू गप उभा राहा," मावशी म्हणाली. अन् वर बघून, "काकू, दोर ताठ ठेवा की! इहीर शेंदली न्हाई का कधी?"

"पन्नास वर्षांपूर्वी शेंदली होती!"

दुसरी कळशी नीट भरली अन् कुरकुरत वर गेली. तिसरी चढत असताना हिमांशूची गाडी आली. तो धावत जिना चढला. खालून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आई, हे काय चाललंय? सोड, मी ओढतो."

"तू पारोसा आहेस. बाजूला हो."

रांगेतली माणसंसुद्धा हसली. हिमांशू बाजूला झाला. सहा कळश्या होईस्तोवर तो नुसता बघत राहिला. काकू धापा टाकत होत्या, मध्येमध्ये थांबत होत्या, पण दोर सोडत नव्हत्या.

"अन् उद्या चक्कर आली तर?"

"इथं सावनी आहे. ही बाई खाली उभी असते. पुण्यात तुम्ही दोघं कामावर गेलात की पाचव्या मजल्यावरून मी कुणाला हाक मारू?"

कप्पी धरून त्यानं जोरानं हिसडून बघितली. दांडी हलली नाही. मग वाकून त्यानं मावशीला विचारलं, "तुम्ही दर वेळी येणार का?"

"म्या हाय तोवर येईन. मागून ही मोनिका येईल."

मला तिनं विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी हिमांशू एकटाच पुण्याला गेला. पितळी पाटी दारावर राहिली.

काकू आता गुरुवारी बैठकीला येतात. मुलानं जाताना तशी अट घातली होती, दर आठवड्याला बीपी तपासायचं. येताना स्वतःच्या पाण्याची बाटली आणतात, आमचा चहा घेत नाहीत. त्यांच्यापुढून कप तसाच पुढं जातो तेव्हा मावशी दुसरीकडं बघते. मला ते दिसतं. एकदा मी विषय काढला तर म्हणाली, "बीपी लिही." पण टँकरच्या दिवशी सगळ्यांच्या आधी फाटकापाशी तीच असते, अन् वरून हाक येते,

"सरूबाई, नळी सरळ धरा हो!"

"धरलीय की! तुमी वढा!"