परातीतलं बंदर

माझी थोरली भावजय गोपिकावहिनी आष्टीत राहायची. स्वयंपाकात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. आणि धाकट्या जावेचं, इंद्रायणीचं, काही चांगलं झालेलं तिला सोसत नव्हतं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

अठ्ठ्याऐंशी साली इंद्रायणीच्या भावाने मुंबईहून पितळी पत्र्यावर कोरलेलं चित्र आणलं. बंदर, जहाजांची दाटी, मागे उंच इमारतींची रांग. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. पाहुणे वहिनीकडे चहा प्यायचे आणि बंदर बघायला शेजारी जायचे.

"पत्राच तर हाय. काय एवढं बघून राह्यलेत?" वहिनी धुसफुसायची.

बाजारच्या दिवशी तिने नवी स्टीलची परात भांड्यांवर नावं घालणाऱ्या संपतपुढे ठेवली.

"इंद्रायणीकडं हाय तसलं बंदर काढ. इंद्रायणीच्याहून जहाजं जास्ती पाहिजेत."

"काकू, समुद्र कसा असतो?"

"शहागडला गोदेला पूर येतो तसा. इमारती मात्र इंद्रायणीच्याहून उंच."

"नाव?"

"माझं. दुसऱ्या कुणाचं?"

आमच्याकडे घरच्या भांड्यावर नुसतं नाव असतं. नक्षी काढली की तो आहेर, आणि त्यावर देणाऱ्याचं नाव. संपतने रिवाज पाळला. जहाजांखाली ठसठशीत कोरलं: 'चि. सौ. इंद्रायणीस सौ. गोपिकाबाईकडून सप्रेम भेट.'

"मुडद्या, हे काय केलंस?"

"काकू, तुमचं सारं बोलणं त्यांचंच चाललं होतं. मंग मला वाटलं, त्यांनाच द्यायची."

स्टीलवर कोरलेलं पुसलं जात नाही. वहिनीने परात कणीक मळायला घेतली, तर रेघांत पीठ बसून बंदर रोज पांढरंशुभ्र उठून दिसायला लागलं.

एक दिवस विरजण मागायला आलेल्या इंद्रायणीने ते वाचलं. तिचे डोळेच भरले.

"अक्का, माझ्यासाठी? अन् सांगितलं बी न्हाई?"

वहिनी बराच वेळ कणीक तिंबत राहिली. मग गोळा ताटात काढला. "घेऊन जा. धुवून घे आधी."

संध्याकाळी परात इंद्रायणीच्या बैठकीत, पितळी चित्राच्या खाली खिळ्याला लागली. वहिनी मला घेऊन बघायला गेली. कमरेवर हात ठेवून तिने आधी वरची जहाजं मोजली, मग खालची.

"इंद्रायणे, खिळा काढ," ती म्हणाली. "माझी वर लाव."