एवढ्यात मिटवू नका

भांडण मिटू नये म्हणून लोकांच्या हातापाया पडणारी बाई इराणातल्या अख्ख्या शीराझमध्ये एकच झाली, तूरान खानूम. लोक अजून हसतात. हसू देत! हसणाऱ्यांच्या अंगावरची धड कातडी तिच्याच गोळ्यांमुळे आहे.

तूरान डोंगरातल्या खेड्यातली. उंचीने एवढीशी, आणि लहानपणी हात असे फुटलेले की कणीक मळताना रक्त यायचं. आई म्हणायची, दृष्ट लागली. शिकून ती डॉक्टर मुईनींच्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा वेगळंच कानावर आलं. खेड्यांत जेवण म्हणजे कोंड्यासकट पिठाची, न आंबवलेली रोटी. तिच्यातलं जस्त कोंडाच धरून बसतो, अंगी लागू देत नाही. मग जखमा भरत नाहीत, ओठांच्या कडा चिरतात, पोरं खुजी राहतात. पण हा डॉक्टरांचा नुसता तर्क. तो सिद्ध केला तरच सरकार गावोगाव जस्ताच्या गोळ्या वाटणार होतं, आणि सिद्ध करायचं काम तूरानने मागून घेतलं होतं.

पहिल्या खेपेला कनाररूद गावात तिने अर्ध्या घरांना जस्ताची गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. हिवाळा सरला आणि बघते तर काय, सगळीच घरं थोडी थोडी बरी! इकडे-तिकडे काही फरकच नाही. ती तडक गुलअंदाम खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरी गेली. गावातली बित्तंबातमी असायची ती या बाईकडे.

"खाला, खरं सांग. गोळ्या कुणी खाल्ल्या?"

"आम्हीच की! म्हणजे शेजारीण आली की आधी तिच्यापुढे धरायची. ती नको नको म्हणते, मी शपथ घालते, मग घेते बिचारी. आणि तिच्याकडे गेलं की ती मला तिची देते."

"अगं, ते औषध होतं, खजूर नव्हे!"

"मग काय दारात आलेल्या बाईसमोर एकटीने गिळू? तुझ्या आईने हेच वळण लावलं का तुला?"

कप्पाळ! हातातला चहा तूराननेही आधी नको-नको म्हणूनच घेतला होता. आपल्याच माणसांची रीत आपण विसरलो, याची तिला मनस्वी लाज वाटली.

डॉक्टर म्हणाले, "आणखी एकच खेप. नाही जमलं तर योजना गुंडाळली."

शीराझच्या वाटेवर बसमध्ये तिला एकदम सुचलं. कनाररूद आणि वरचं बालादेह यांचं पाटाच्या पाण्यावरून पिढीजात वैर. एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, गोळी कुठली देतात! पुढच्या हिवाळ्यात एका गावाला जस्ताची, दुसऱ्याला पिठाची. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाच ठाऊक.

सगळं सुरळीत चाललं आणि नौरोज आला. नव्या वर्षाला रुसवेफुगवे सोडायची रीत. कनाररूदचे म्हातारे मुखिया, मश्हदी याकूब, हट्टालाच पेटले: मरायच्या आधी वैर मिटवायचं, मिठाईचं ताट घेऊन वर जायचं. तूरान धापा टाकत पोचली.

"बाबा, पाया पडते, एवढ्यात मिटवू नका!"

"डोकं फिरलं का गं पोरी? जन्मभर लोक मला मिटव मिटव म्हणाले. आता निघालो तर तू आडवी?"

"मिटलं की गोळ्या पुन्हा इकडच्या तिकडे होतील. गहू कापेपर्यंत भांडा. मग ताट मीच उचलते."

"आणि तोवर मी मेलो तर?"

"मरू नका!" ती ओरडली, आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. बाही सारून तिने जुने वण पुढे केले. "हे माझ्या पोरपणाचे. तुमच्या नातीचेही हात बघा. तिच्या पोरींचेही असेच व्हायचे का?"

म्हाताऱ्याने मिठाईचं ताट बाजूला सारलं. "बरं, भांडतो," तो म्हणाला. "पण नवीन शिव्या सुचत नाहीत आता."

कापणीला डॉक्टर स्वतः आले. बालादेहमध्ये त्याच भेगा, तेच फोड. खाली कनाररूदला मात्र बायका हसत हात पुढे करत होत्या. खालाच्या तळव्याची चीर मिटली होती, मुखियाच्या नातीचे ओठ मऊ झाले होते. डॉक्टर म्हणाले, "जस्त याच गावाला होतं, तूरान." ती भर अंगणात ढसाढसा रडली आणि रडता रडता खो खो हसली. जिंकली होती पोरगी!

दुसऱ्या दिवशी वरात निघाली वर. पुढे याकूबबाबा, मागे खाला, आणि ताट उचलून तूरान. ताटात मिठाई, मिठाईशेजारी जस्ताच्या गोळ्यांच्या बाटल्या. बालादेहचा मुखिया दारातच उभा.

"पाण्यासाठी भांडलात, आता औषध घेऊन आलात होय?" तो म्हणाला. मग ताटाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "या, बसा. पण हे नको. छे छे, कशाला? तुम्हालाच राहू द्या."

खालाने मागची बोलणी आठवून घाबरत तूरानकडे पाहिलं.

"बघतेस काय, खाला?" तूरान म्हणाली. "घाल शपथ! आज हवी तेवढी घाल!"