बांगड्याला येणारं मांजर

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्यावर एका मांजराचं घर शोधायची पाळी आली. एकोणीसशे साठच्या आगेमागे असेल. आचऱ्याच्या घरात आम्ही दोघंच. आईवडील मोठ्या भावाकडे मुंबईला. मी सकाळी कचेरीत जायचो तो दिवेलागणीला परत. बायको तळेऱ्याकडची, इथे तिच्या ओळखीचं कुणी नाही. दिवसभर तिला सोबत म्हणजे मागीलदारी येणारं एक पांढरं मांजर, पाठीवर तपकिरी डाग असलेलं.

एकदा जेवण वाढताना ती म्हणाली, "अवो, ह्या मांजार कोणाचा ता बघा एकदा. कोणाचा असला तर आताच सांगा. मगे माका सोडूक जमाचा नाय."

तिला साधं उत्तर हवं होतं. पण मी पडलो कचेरीतला माणूस. बरगड्या दिसतात, म्हणजे भटकं. पण चुचकारलं की मांडीवर येतं, म्हणजे पाळलेलं. भात पुढे केला तर हुंगून तोंड फिरवतं, म्हणजे लाडावलेलं. पण बांगड्याचं डोकं टाकलं की काट्यांसकट गट्ट, म्हणजे उपाशी. रोज संध्याकाळी मी एक निकाल द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी मांजर तो फिरवायचं. बायको बिचारी एक दिवस त्याला जवळ घ्यायची, एक दिवस नुसतं लांबून बघायची.

शेवटी एका रविवारी मी त्याचा पाठलाग केला. मांजर रमतगमत केळींतून गेलं आणि दगडी गडग्यावर चढलं. मीही चढलो. वरचा चिरा निसटला आणि मी शेजारच्या काकींच्या अळवात. काकी म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. एकुलता मुलगा मालवाहू बोटीवर खलाशी. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. "बेडा थंय आसा रे," फाटकाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या. मांजर त्यांच्या पायाशी बसून अंग चाटत होतं.

दुसऱ्या कुणाला इथेच उत्तर दिसलं असतं. मला नाही दिसलं. काकींच्या घरात कित्येक महिने मासळी शिजलेली नव्हती. पाटी घेऊन येणारी बाई त्यांच्या दारात थांबतसुद्धा नसे. वय झालं की काही माणसं सोडतात, तसं असेल असं मी धरून चाललो होतो. आणि ज्या चुलीवर मासळी नाही तिथे मांजर राहीलच कसं? आमच्या गावात ही गोष्ट कुणी ऐकूनही घेतली नसती. तेव्हा ते काकींकडे निव्वळ विसाव्याला बसलं होतं. त्यांना विचारावं असं मनातही आलं नाही. चिखल झटकत घरी आलो आणि जाहीर केलं की मांजर बेवारशी आहे.

बायकोचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिने आपल्या माहेरच्या पैंजणातलं एक घुंगरू काढलं, लाल दोऱ्यात ओवलं आणि त्याच्या गळ्यात बांधलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गडग्यापलीकडे काकी उभ्या. हातात ते घुंगरू. "माझ्या मांजराक ह्या कोणी बांधल्यान गो?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी अळवाकडे.

मग सगळं बाहेर आलं. मुलाची बातमी यायची थांबली तेव्हापासून, तो सुखरूप परत येईपर्यंत काकींनी मासळी सोडली होती. गावात कुणाला सांगितलं नव्हतं. मांजराला घरात मिळायची ती पेज. ती टाकून ते कुठे जेवून येतं, हे कोडं त्यांनाही पडलं होतं. बायको रडवेली होऊन माफी मागायला लागली, तशा काकी म्हणाल्या, "अगो, नवस मी केलंय. मांजरान खंय केल्यान? माझो झील येयसर तूच घाल तेका."

ठरलं तर चांगलं, पण त्यातून भलताच पेच झाला. मुलगा आला की काकींच्या चुलीवर मासे, आणि मांजराला आमच्याकडे यायचं कारण नाही. दिवा लावताना बायको हात जोडून पुटपुटायची, "काकींचो झील सुखरूप येवंदे." मग डोळे न उघडता, हळूच, "पण सावकाश." मी शेजारी उभा. यातल्या कशाला मान डोलवावी ते कळेना. दोन्हींना डोलवायचो.

मुलगा आला, धडधाकट. मी घरी पोचलो तेव्हा पलीकडून सुरमई तळल्याचा वास आणि हसण्याबोलण्याचा गलबला येत होता. मागीलदारी करवंटीत बांगड्याचं डोकं तसंच पडलेलं. बाजूला बायको. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "बरा झाला," म्हणाली. बरं झालंच होतं. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात मांजर गडगा उतरून आलं. पोट टम्म. बांगड्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. सरळ तिच्या मांडीवर चढलं, गोल गोल फिरलं आणि झोपलं.

पोट भरलेलं मांजर परक्या घरी कशाला येईल? माझं डोकं पुन्हा फिरलं. "म्हणजे आता ह्या कोणाचा म्हणूचा?" मी विचारलं.

"तुमी आता काय एक शोधू नकात," ती म्हणाली, आणि मांडी हलू नये म्हणून चुलीवरचा भात मलाच उतरवायला लावला.