अझेलिया आणि आमची काळी माती

काल सकाळी आमची सून माहेराहून परत आली… आणि मी दारात जायचं सोडून स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा धूत उभी होते. कारण गॅलरीतला अझेलिया.

सून पार तिकडच्या थंड डोंगरातली, कालिम्पाँगची. जळगावात मेहरूणच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने माहेराहून हौसेने आणलं ते हे एक फुलझाड. सकाळी चहाचा कप घेऊन आधी त्याच्यापाशी जाते, मग आमच्याशी बोलते. वडिलांच्या ऑपरेशनसाठी दोन महिने गेली आणि कुंडी माझ्या ताब्यात आली.

कुंडीत बघावं तर नुसती वाळू! तेवढ्यात धुळ्याकडच्या गावाहून मोठे दीर, नाना, आले. "या वाळूमा काय जगी ते? आपली काळी माती टाक," म्हणाले आणि पुढच्या खेपेला शेतातली पोतंभर माती घेऊनच आले. मी कुंडी भरली, वर मूठभर राखही घातली… म्हटलं, पोरगी येऊन बघू दे कसं तरारलंय.

तरारतंय कुठलं… पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मग गळायलाच लागली. सून एका शब्दाने बोलणार नाही, गप्प बसेल, हे मला माहीत होतं. तेच मला सोसवलं नसतं.

शेवटी गुपचूप विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना मराठी येत नाही, माझं हिंदी म्हणजे आनंदच… त्यात मला रडू कोसळलं. त्या बिचाऱ्या शांतपणे सांगत राहिल्या. याला आंबट, रेताड माती लागते, काळी माती नेमकी उलट, राखेने आणखी बिघडलं, आणि बोअरचं पाणी आधी बंद करा. लेकीला सांगू नका, एवढं मात्र मी बजावलं.

मग मुळं हलक्या हाताने धुतली. वाळू, नारळाच्या भुशाचं कोकोपीट, वर सुरूच्या झाडाखालच्या सुक्या काड्या. पाणी फिल्टरचं… यावर ह्यांनी विचारलं, "मग बोअरचं मी प्यायचं का?"

हळूहळू कोवळी हिरवी पानं फुटली. कळ्या मात्र यंदा गेल्याच.

तर काल सून थेट गॅलरीत गेली, मातीत बोट घातलं आणि मला हाक मारली. मी सगळं सांगायला तोंड उघडलं… तर ती हसत होती. विहीणबाईंनी तिला त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं! मी रोज फोनवर "झाड मस्त आहे" म्हणायचे आणि ही बया "हो आई" म्हणायची.

मग म्हणाली, "आई, त्या दिवशी फोन ठेवल्यावर मम्मी पण रडली. म्हणाली, ज्या घरात तुझ्या झाडासाठी एवढं रडतात, तिथे तू आहेस… आता मला तुझी काळजी नाही."

मी तिला जवळ घेतलं. इतक्या लांब लेक दिलेल्या त्या माउलीचा जीव माझ्या मूर्खपणाने का होईना, शांत झाला.

जळगावचा उन्हाळा अजून यायचाय, झाडाचं काय होईल देव जाणे… पण आता त्याची काळजी करायला आम्ही तिघी आहोत.