काम झाल्यावरचं बसणं

भिसेगावचा आमचा वेल्डर काम संपलं तरी उठत नाही. चहा मागतो, गप्पा मारत बसतो. लोक त्याला रिकामटेकडा म्हणतात.

परवा त्याने आमच्या गोठ्याचं दार जोडलं. शेजारी वर्षभराच्या पेंढ्याची रचलेली उडवी होती. आईने ती हलवू दिली नाही, म्हणून त्याने मधे पत्रा उभा केला. काम झाल्यावर नेहमीसारखा बसला.

आई म्हणाली, “तुला घर नाय का रं?”

“हाय ना काकी. पन तिथली तुमच्यापेक्षा जास्त बोलते.”

बोलताना त्याची नजर उडवीवर होती. थोड्या वेळाने तिच्या बुडातून बारीक धूर निघाला. त्याने जवळची पाण्याची बादली ओतली, पेंढा उपसून हाताने चाचपला. सगळं गार लागल्यावर तो पुन्हा बसला.

आईही उडवीकडे तोंड करून बसली.